आधी काठ वाचा, मग पेव्हर घाला



नदीकाठच्या सुशोभीकरणाचा विषय हल्ली आमच्या प्रत्येक बैठकीत निघतो. काठ पेडण्यातला शापोऱ्याचा असो, तेरेखोलचा असो, नाहीतर डिचोलीतला म्हादईचा आणि वाळवंटीचा असो, आराखडा उघडून बघा, आत तेच. पेव्हरची पायवाट, स्टीलचे रेलिंग, चार बाकडी, ओपन जिम, मुलांसाठी झोपाळे, रंगीत दिवे आणि एक सेल्फी पॉइंट. झालं, सुशोभीकरण संपलं.

आमचा याला विरोध आहे का? नाही. संध्याकाळी म्हाताऱ्या माणसांना बसायला जागा हवी, पोरांना खेळायला हवी. नदी सगळ्यांची आहे, फक्त जाळेवाल्यांची नाही. पण आमची एक मागणी आहे आणि ती आम्ही या पानावरून उघड मांडतोय. जेसीबी काठावर उतरायच्या आधी त्या काठाचे पुरातत्त्वीय सर्वेक्षण झाले पाहिजे. त्याचा अहवाल पंचायतीत सगळ्यांना वाचायला मिळाला पाहिजे. आणि त्या कामात आम्हां मच्छीमारांना सोबत घेतले पाहिजे.

हे बोललो की पहिला प्रश्न ठरलेला, "इथे काय सापडणार? चिखल आणि खुबे!" म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे रस्ते काल आले. नदी आधीपासून होती. शिवोली-चोपडे पूल होण्याआधी माणसं फेरीबोटीने यायची-जायची, त्याच्या आधी होडीने. मीठ, भात, नारळ, कौले, मडकी, जे काय या गावातून त्या गावात गेले ते पाण्यावरून गेले. म्हणजे जुन्या गावाचा दर्शनी दरवाजा नदीच्या बाजूला होता. देवळाची पायरी तिथे, जकात तिथे, किल्ला तिथे, बाजार तिथे. आज ज्याला आपण गावाची मागची बाजू समजतो आणि कचरा टाकतो, ती एकेकाळी पुढची बाजू होती. जुने काही उरले असेल तर ते काठालाच उरणार. आणि बागेसाठी खोदाई होणार तीही काठालाच.

पेडण्याचेच बघा. शापोऱ्याच्या काठावर हळर्णचा किल्ला आहे. सावंतवाडीकर भोसल्यांचा. 1746 साली तो पोर्तुगीजांनी घेतला. त्या विजयाची त्यांना एवढी किंमत वाटली की त्यांच्या व्हाइसरॉयला ‘मार्किस ऑफ अलोर्ना’ ही पदवीच मिळाली. आपल्या हळर्णचे नाव असे लिस्बनपर्यंत पोचले. तेरेखोलचा किल्लाही भोसल्यांचाच होता, तोही त्याच साली गेला. पुढे 1954 च्या 15 ऑगस्टला सत्याग्रहींनी त्याच तेरेखोलवर तिरंगा फडकवला. पेडणे महाल पोर्तुगीजांकडे आला तो 1788 साली, बार्देश-तिसवाडीच्या मानाने फार उशिरा. म्हणजे आपल्या दोन्ही नद्या पिढ्यान्‌पिढ्या सीमेच्या नद्या होत्या. सीमेच्या नदीवर चौकी असते, धक्का असतो, दारूगोळा उतरवायची जागा असते. किल्ल्याच्या भिंती दिसतात म्हणून त्यांची डागडुजी होते. त्या किल्ल्याला पाण्याच्या वाटेने रसद पोचवणारा धक्का कुठे होता, हे कोणी शोधले आहे का?

डिचोलीत तर नार्वे आहे. एक नार्वे डिचोलीत, दुसरे पलीकडे दिवाडी बेटावर. मधे नदी. कदंब राजांचे दैवत सप्तकोटीश्वर. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर या देवाचे नाव आहे. दिवाडीवरचे मूळ देऊळ पाडले गेले, लिंग नदी ओलांडून अलीकडे आले. 1668 साली शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला, तसा शिलालेख आहे. अलीकडे राज्याच्या पुरातत्त्व खात्याने देवळाचे जतन केले आणि 2023 साली ते पुन्हा लोकांसाठी खुले झाले. ते काम चांगले झाले, आम्ही मोकळेपणाने म्हणतो. पण विचार करा, देव पलीकडून अलीकडे आला तो कशातून? होडीतून. कुठल्या तरी पायरीवर ती होडी लागली असणार. देऊळ जपले, आणि उद्या उताराच्या जागेवर कोणी काँक्रीटचा घाट ओतला, तर अर्धी गोष्ट पुसलीच ना?

त्याच डिचोली तालुक्यात हरवळेची लेणी आहेत, लामगावची लेणी आहेत, डिचोलीचा नमाजगाह आहे. हे आम्ही मुद्दाम एका दमात लिहितोय. कारण सर्वेक्षण म्हटले की काही जणांना देऊळ शोधायचे असते, काही जणांना ते सापडू नये असे वाटते. आमचे म्हणणे सरळ आहे. जे सापडेल ते सापडेल. देवळाचा खांब असो, क्रूस असो, कबर असो की बौद्ध भिक्षूंची गुहा, आपल्या काठाने सगळ्यांना उतरू दिले आहे. नोंद सगळ्याची करा. भांडणासाठी पुरावा हवा म्हणून हे करायचे नाही.

आणि वारसा म्हणजे फक्त किल्ला आणि देऊळ हेही आम्हाला मान्य नाही. खाजनाचा बांध हा वारसा नाही का? मानस हा नाही का? भरती आली की पाण्याच्या जोरानेच दार मिटते, ओहोटी लागली की आपोआप उघडते. मोटर नाही, वीज नाही. खारे पाणी शेतात येत नाही आणि ओहोटीला मानशीच्या तोंडावर जाळे लावले की शेवटे, सुंगटे, काळुंदरे मिळतात. एकाच दारात शेती आणि मासळी. मानशीची पावणी होते, त्या पैशातून बांधाची निगा राखायची ही पद्धत. पिळगावच्या बाजूला सारमानस आहे, गावाच्या नावातच मानस ऐकू येते. आगरवाड्याचे नाव मिठागरावरून. ही नावे म्हणजे सर्वेक्षणाचे पहिले पान. पण आराखड्यात यातले काय दिसते? "पडीक जागा". बांधावर दगड-माती टाकून रुंद केला की झाली पायवाट. खाली कुठल्या काळातला मानशीचा लाकडी उंबरठा गाडला गेला, कोणी विचारायचे नाही.

आता कायद्याचे. बऱ्याच सभासदांना वाटते की सरकार हे करतच असेल. तसे नाही.

केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाच्या सभोवती 100 मीटर बांधकामाला मनाई, त्यापुढे 200 मीटर परवानगी घेऊन, हा नियम 2010 च्या दुरुस्तीने आला. गोव्याचा स्वतःचा कायदा 1978 चा आहे, तो राज्याच्या संरक्षित स्मारकांसाठी. दोन्ही कायदे मुख्यतः यादीत असलेल्या जागांना धरून चालतात. यादीत कोण येते? जे आधीच माहीत आहे ते. जे अजून चिखलाखाली आहे ते यादीत येणार कसे? पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या अधिसूचनेत बांधकाम प्रकल्पांना मर्यादा आहे 20,000 चौरस मीटर बांधीव क्षेत्राची. गावातली बाग त्यात कधी येणार? सीआरझेडच्या अधिसूचनेत पुरातत्त्वीय महत्त्वाच्या वास्तू आणि वारसास्थळे पहिल्या, म्हणजे सर्वांत जपायच्या वर्गात टाकली आहेत. चांगली गोष्ट. पण तिथेही तोच पेच. जागा आधी माहीत असेल तरच नकाशावर रंग चढतो.

उरला 1878 चा निधी कायदा, इंग्रजांच्या काळचा. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची मौल्यवान वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवले पाहिजे, असे तो सांगतो. पण जेसीबीच्या बकेटमध्ये खापर आले तर ते कोणाला मौल्यवान वाटणार? टिपर भरतो, भराव टाकायला जातो, विषय संपतो.

म्हणून आमची मागणी ही कायद्यातल्या फटीविषयी आहे. बाहेरच्या देशांत ही फट बुजवायला सुरुवात होऊन तीसहून अधिक वर्षे झाली. इंग्लंडमध्ये 1990 पासून नियोजनाची परवानगी देतानाच जमिनीखाली काय आहे याचा विचार करायचा आणि खर्च प्रकल्पवाल्याने करायचा, अशी रीत पडली. युरोपातल्या देशांनी 1992 साली माल्टात त्यासाठी करारच केला. आपल्या देशातही चांगले उदाहरण आहे. तामिळनाडूत वैगई नदीच्या काठाने केंद्राच्या पुरातत्त्व खात्याने आधी पाहणी केली, दोन्ही अंगांनी 293 जागांची नोंद केली आणि मग त्यांतली कीळडीची जागा खोदायला घेतली. आज कीळडीचे नाव सगळ्या देशाला माहीत आहे. आधी काठ चालले, मग फावडे उचलले. क्रम महत्त्वाचा.

आपल्या गोव्यातली उदाहरणे तर आणखी बोलकी आहेत. सांग्यात उसगाळीमळला कुशावतीच्या काठावर जांभ्या दगडावर कोरलेले बैल, हरणे, माणसे आणि ते गोल गोल चक्रव्यूहासारखे चित्र आहे. 1993 पर्यंत बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता नव्हता. शेजारी खाणी चालू होत्या. थोडा उशीर झाला असता तर? सत्तरीत म्हाऊसला झरमे नदीच्या पात्रातच दगडांवर बैल कोरलेले आहेत. थोरल्या गोंयात, जुवारीच्या काठावर, कदंबांच्या गोपकपट्टण बंदराचे दगडी बांधकाम दोना पावलच्या राष्ट्रीय सागर विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी भरती-ओहोटीच्या पट्ट्यात शोधले. नीट ऐका, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात. आम्ही रोज जिथे गुडघाभर चिखलात उभे असतो तिथे.

इथेच आमचा खरा मुद्दा येतो. हे सर्वेक्षण ऑफिसात बसून होणार नाही आणि कुठल्याही दिवशी येऊनही होणार नाही. भांगाच्या दिवसांत आलात तर अर्धा काठ पाण्याखालीच राहणार. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जसे वर चढते तसे खालीही जास्त उतरते. तेव्हा खडक दिसतात, जुने खुंटे दिसतात, धक्क्याची शेवटची पायरी दिसते, ती तास-दीड तास. कुठल्या तिथीला, कुठल्या वेळी, कुठल्या बाजूने चालायचे हे आम्हाला कोणी कागदावर शिकवलेले नाही, पण आम्हाला माहीत आहे.

तसेच जाळे अडकायच्या जागांचे. नदीच्या प्रत्येक वळणावर अशा जागा असतात. आमचे म्हातारे नावे घेऊन सांगतात, "थंय घालू नको, जाळे फाटतले." काही जागी झाडाचे खोड असेल, काही जागी खडक असेल. पण काही जागी घडीव दगड असेल, बुडालेले गलबत असेल, नांगर असेल. पुरातत्त्ववाल्याला लाखोंचे यंत्र आणून जे हुडकावे लागते, त्याचा अर्धा नकाशा आमच्या फाटक्या जाळ्यांत आहे. तुर्कस्थानात 1982 साली स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याने समुद्रतळाशी कान असलेल्या बिस्किटांसारखे धातूचे तुकडे बघितले आणि वर येऊन सांगितले. त्यातून उलुबुरुनचे सुमारे 3300 वर्षांपूर्वीचे बुडालेले जहाज सापडले. त्याच्या बोलण्याकडे कोणी लक्ष दिले म्हणून. आमचे एवढेच मागणे, विचारा तरी.

आता आमच्यातल्याच काही जणांची भीती. ती खोटी नाही, म्हणून झाकणार नाही. "पुरातत्त्ववाले आले, एखादा दगड सापडला, की उद्या आमची होडी लावायची जागाच बंद." बांधवांनो, दोन गोष्टी वेगळ्या करा. सर्वेक्षण म्हणजे नोंद. संरक्षित स्मारक जाहीर होणे ही वेगळी पायरी आहे. केंद्राच्या कायद्यात त्यासाठी आधी सूचना काढावी लागते आणि हरकत घ्यायला दोन महिने मिळतात. शिवाय ती 100 मीटरची मनाई बांधकामाला आहे, जाळे टाकायला नाही. पण हेही खरे की अशा पट्ट्यात उद्या आपल्याला नवीन शेड बांधायची झाली तर अडचण येईल. म्हणूनच आमचा आग्रह आहे की सर्वेक्षणाच्या नकाशावर आजचा वापरही आला पाहिजे. होडी ओढायची जागा, जाळी वाळवायची आणि शिवायची जागा, मासळी उतरवायची पायरी, तिसऱ्या काढायचा पट्टा. 2011 च्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे. त्यात मच्छीमार गावांची नोंद, होड्या दुरुस्त करायच्या आणि जाळी शिवायच्या जागा, खाजन जमिनींचे संरक्षण हे सगळे आहे. जे कागदावर आहे ते नकाशावर मागून घ्यायची ही संधी आहे.

आणि खरे बोलायचे तर आम्हाला काठावरून हटवते ते पुरातत्त्व नाही. हटवते ते रेलिंग. एकदा स्टीलचे रेलिंग उभे राहिले की होडी वर ओढायची कुठून? एकदा दिवे लागले की "इथे मासळीचा वास येतो" अशी तक्रार यायला किती दिवस लागतात? सुशोभीकरण झाल्यावर बाकड्यावर बसून मच्छीमार बघायला लोकांना आवडते, पण मच्छीमाराला तिथे उतरायला वाट ठेवलेली नसते. सर्वेक्षण झाले, त्यात या काठाला इतक्या पिढ्यांचा वापर आहे हे लिहिले गेले, तर आमच्याही हातात एक कागद येतो.

दुसरी अडचण सांगतात ती निधीची. "31 मार्चच्या आत खर्च नाही झाला तर पैसे परत जातील." आम्ही म्हणतो, आराखडा काढायला, अंदाजपत्रक करायला, निविदा काढायला महिने जातात की नाही? त्या महिन्यांत काठ चालून होतो. एका वाड्याच्या काठासाठी एक अमावस्या आणि एक पौर्णिमा, म्हणजे पंधरवडा. खर्च म्हणाल तर दोन जाणकार, चार विद्यार्थी, आमच्या दोन होड्या आणि दुपारचे जेवण. बागेतल्या रंगीत दिव्यांपुढे तो खर्च कुठे दिसणारही नाही. उलट काम अर्ध्यावर असताना काही सापडले, कोणी कोर्टात गेले आणि काम वर्षानुवर्षे लटकले, तर ते महाग. अर्धवट उपटलेला काठ आणि पावसाळ्यात वाहून जाणारा भराव आम्ही बघितलेला आहे. तो गाळ शेवटी आमच्याच कालवांवर बसतो.

तर आमच्या मागण्या अशा:

1. नदीकाठच्या कोणत्याही सुशोभीकरणाला मंजुरी देण्याआधी राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे लेखी मत घ्यावे, जागा संरक्षित यादीत असो वा नसो.

2. आधी कागद बघावेत. जुने नकाशे आणि पोर्तुगीज काळातली दप्तरे पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. हे दप्तर 1595 पासूनचे, देशातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. घरात धान्य भरलेले असताना उपाशी का बसायचे?

3. काठाची पाहणी उधाणाच्या ओहोटीला करावी आणि त्यात त्या वाड्यावरचे मच्छीमार, मानशीवाले, खाजनाचे शेतकरी आणि कालवे-तिसऱ्या काढणाऱ्या बायका यांना बोलवावे. शेवटचे नाव विसरू नका. काठाचा चिखल सगळ्यांत जास्त त्यांनीच चाळलेला आहे.

4. जिथे पाया घालायचा तिथेच आधी छोटे चाचणी खड्डे घ्यावेत. सगळा काठ खोदायची गरज नाही.

5. निविदेतच अट घालावी की खोदताना काही सापडले तर काम तेवढ्या जागी थांबेल, आणि तो वेळ कंत्राटदाराच्या मुदतीतून वजा होणार नाही. दंडाची भीती नसेल तर लपवालपवीही होणार नाही.

6. अहवाल मराठीत आणि कोकणीत पंचायतीत ठेवावा आणि ग्रामसभेत वाचावा. काही सापडले तर आराखडा त्याप्रमाणे बदलावा. पायवाट चार मीटर सरकली तर कोणाचे चालणे थांबत नाही.

शेवटचा मुद्दा आराखडेवाल्यांसाठी. तुम्हाला पर्यटक हवेत ना? तेच पेव्हर, तोच सेल्फी पॉइंट बघायला पुण्या-मुंबईचा माणूस पेडण्यात कशाला येईल, त्याच्या सोसायटीत तेच आहे. पण ‘या पायरीवर हळर्णच्या किल्ल्याची रसद उतरायची’, ‘हा मानस आजही चालतो, ओहोटीला या आणि बघा’, असे खरे, तपासलेले दोन फलक असतील तर तो थांबेल, विचारेल, आमच्याकडून मासळीही घेईल. जुना धक्का दुरुस्त करून त्यालाच बाग जोडा. काठ सुधारायचा म्हणजे काठाची ओळख पुसायची असे कुठे आहे?

आणि आता सभासदांसाठी काम. नदीत किंवा काठावर घडीव दगड, मूर्तीचा तुकडा, जुने नाणे, मोठे खापर, लाकडी खुंट्यांची रांग, नांगर, काहीही दिसले तर उचलू नका, घरी नेऊ नका, विकू तर मुळीच नका. वस्तू जागेवर असते तेव्हाच ती बोलते, कपाटात ठेवली की मुकी होते. फोटो काढा, शेजारी जाळ्याचे बोया किंवा वल्हे ठेवा म्हणजे आकार कळेल. तिथी आणि वेळ लिहा. पंचायतीला आणि पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा, प्रत आमच्या कार्यालयात द्या.

घरातल्या म्हाताऱ्यांना आजच विचारा: जुनी तर कुठून सुटायची? मिठाच्या होड्या कुठे लागायच्या? कुठल्या कोंडीला काय नाव आहे आणि का? कमेंटमध्ये लिहा, नाहीतर येत्या मासिक सभेला घेऊन या. आम्ही एक वही उघडतोय. सरकारचे सर्वेक्षण होईल तेव्हा होईल, आपली वही आजपासून सुरू. पटले तर पुढे पाठवा, आणि आपल्या पंचाला तर नक्कीच पाठवा.